चिलखत, जर्किन आणि मायेची पाखर

आपल्या होस्टेलमध्ये इंग्रजीचे दोन क्लास चालतात. एक दुपारी लँग्वेज लॅबमध्ये, हेडफोन लावून. दुसरा रात्री मेस सुटल्यावर, लॅपटॉपला लॅपटॉप जोडून, आणि त्याचं नाव एज ऑफ एम्पायर्स. पहिल्या क्लासची हजेरी किती असते ते सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याला मात्र सुट्टी नसते, आणि तिथे शिकलेले शब्द कोणी विसरत नाही. स्केल मेल, चेन मेल, प्लेट मेल, बार्डिंग... लोहाराच्या दुकानावर क्लिक करायचं, अन्न आणि सोनं मोजायचं, की आपले शिपाई एकदम टणक! पण त्या शिपायांच्या अंगावर नक्की काय चढलं, असं विचारलं तर सगळी विंग गप्प.

यंदाच्या शिवजयंतीला आमच्या मजल्याने एक छोटंसं प्रदर्शन भरवलं. फोटो, पुठ्ठ्याच्या काही प्रतिकृती आणि प्रत्येकाखाली मराठी व इंग्रजी ओळी. इंग्रजी कशाला, तर निम्मी मुलं बिहार, केरळ, राजस्थानची आहेत, आणि 'ये क्या है' याचं उत्तर दर दोन मिनिटांनी द्यायला कोण रिकामं आहे? काम माझ्याकडे आलं. कारण एकच, मी कॉन्व्हेंटचा! कोरेगावचा मुलगा रोज एस.टी.ने साताऱ्याच्या कॉन्व्हेंटला गेला की त्याची गंमत अशी होते, की ग्रीव्ह्ज, गाँटलेट, वायझर हे शब्द त्याला पाठ असतात पण त्या वस्तू त्याने पाहिलेल्या नसतात. आणि ज्या वस्तू घरातल्या खुंटीवर असतात, त्यांची नावं आजोबांकडेच राहिलेली असतात. हा लेख म्हणजे त्या लेबलांच्या निमित्ताने झालेला अभ्यास. परीक्षेला येणार नाही, काळजी नसावी.

सुरुवात चिलखतापासून करू. मराठीत आपण लढाईसाठी अंगावर घालायच्या कुठल्याही लोखंडाला चिलखत म्हणतो आणि मोकळे होतो. इंग्रजीत मात्र ते कसं बनवलंय यावरून नाव ठरतं. कड्यांत कड्या अडकवून केलेलं असेल तर ते 'मेल'. हा मेल आपल्या ईमेलमधला नव्हे. पत्रांचा मेल जुन्या फ्रेंचमधल्या पिशवीच्या शब्दावरून आला. कड्यांचा मेल आला 'माय' या फ्रेंच शब्दावरून, म्हणजे जाळ्यातलं एक घर, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला ठिपक्याचा शब्द आहे. म्हणजे मेल म्हटलं की कड्यांचं जाळं आलंच. मग 'चेन मेल' म्हणजे काय? पिवळा पीतांबर! हा जोडशब्द खूप नंतरचा आहे, एकोणिसाव्या शतकात लोकांच्या तोंडी बसला. आणि 'प्लेट मेल' तर त्याहून विनोदी. प्लेट म्हणजे पत्रा, मेल म्हणजे जाळं. पत्र्याचं जाळं कसं असणार? गेम चांगला आहे, पण व्हायवात हे उत्तर देऊ नये.

खवल्यांसारखे तुकडे कापडावर किंवा चामड्यावर शिवले की 'स्केल'. तेच तुकडे मागे कापड न लावता एकमेकांना दोरीने गुंफले की 'लॅमेलर'. तुकडे कापडाच्या आतून रिव्हेट केले, म्हणजे बाहेरून नुसती रिव्हेटची डोकी दिसतात, की 'ब्रिगंडाइन'. आणि अंगाच्या मापाने ठोकून काढलेले अख्खे पत्रे, म्हणजे 'प्लेट'. पंधराव्या शतकात युरोपात या शेवटच्या प्रकाराची कमाल झाली. गुडघ्याखालच्या पत्र्याला वेगळं नाव, कोपरापासून मनगटापर्यंतच्या पत्र्याला वेगळं, खांद्याच्या पत्र्याला वेगळं. आपल्याला ही सगळी नावं पाठ करायची गरज नाही. पण एक ध्यानात ठेवा, ज्या देशात लोहार जे ठोकत बसला होता, त्या देशाच्या भाषेत त्याची नावं वाढली.

आता आपण मेकॅनिकलवाले म्हणून जरा जवळून बघू. मेलमधली प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून ओवलेली असते. तार गोल वळवायची, दोन्ही टोकं ठोकून चपटी करायची, एकावर एक ठेवून भोक पाडायचं आणि त्यात बारीकसा रिव्हेट बसवायचा. आपल्याकडच्या बऱ्याच चिलखतांत एक ओळ रिव्हेटच्या कड्यांची आणि एक ओळ अखंड कड्यांची असते, म्हणजे काम निम्म्यावर येतं. वर्कशॉपमध्ये एक चौकोनी फिटिंग जॉब घासायला आपण तीन आठवडे घेतो. इथे एका अंगरख्याएवढ्या चिलखतात हजारो कड्या! नंतरच्या काळात, खऱ्या लढाया संपल्यावर, पितळ-तांब्या-लोखंडाच्या कड्यांची नक्षी केलेली दिखाऊ चिलखतं निघाली. त्यात कड्यांची टोकं नुसती भिडवलेली असतात, रिव्हेट नाही. संग्रहालयात गेलात तर काचेला नाक लावून एवढंच बघा. रिव्हेट नसेल तर बहुधा मिरवणुकीचं.

असं चिलखत साधारण दहा किलोच्या आसपास भरतं आणि सगळा भार खांद्यावर येतो. म्हणून कमरेला पट्टा घट्ट आवळायचा, म्हणजे थोडा भार कमरेवर उतरतो. पाठीवर सॅक घेऊन किल्ल्यावर गेलेल्यांना हे सांगायला नको. तलवारीची धार कड्यांवर अडते. पण घाव अडला तरी त्याचा दणका आत पोचतोच, हाड मोडायचं ते मोडतंच. म्हणून आत कापूस भरलेला, टाके घातलेला जाड अंगरखा पाहिजे. इंग्रजीत त्याला 'गॅम्बेसन' म्हणतात, आणि अजून एक जुना शब्द आहे, 'ॲकटन'. हा ॲकटन म्हणजे अरबी 'अल-कुत्न', म्हणजे चक्क कापूस! कॉटन हा शब्दही तिथलाच. लोखंड घालून मिरवणाऱ्या सरदाराला खरं वाचवत होती ती आत घातलेली गोधडी, असं म्हटलं तर चालेल.

मग मराठीत हे बारकावे नव्हतेच का? होते. आपणच ते विसरलो. 'जिरे' म्हणजे कड्यांचं चिलखत, फारसी 'जिरिह'वरून. फोडणीच्या जिऱ्याशी याचा काही संबंध नाही. 'बख्तर' हाही फारसीतला. कड्या आणि पत्रे एकत्र जोडलेल्या चिलखताला तो लावलेला दिसतो. 'चार आईना' म्हणजे छातीला, पाठीला आणि दोन्ही कुशींना लावायचे चार पत्रे. आरशासारखे लखलखीत, म्हणून आईना. आणि 'जिरेटोप'! आज आपण महाराजांच्या चित्रातल्या डोईवरच्या कापडी बांधणीला बिनधास्त जिरेटोप म्हणतो. शब्द मात्र सांगतो की हा जिऱ्याचा टोप आहे, लढाईत डोकं राखणारा. अशा टोपाला पुढे नाकावर येणारी लोखंडी पट्टी असते, तिला इंग्रजीत 'नेझल' म्हणतात, आणि मानेवर पडणारी कड्यांची झालर असते, तिला 'ॲव्हेंटेल'. झालर हा शब्द मी मुद्दाम वापरला. ट्रॅक्टरला लावतात ती झालर आणि ही झालर, काम वेगळं पण घडण तीच.

चिलखत, बख्तर, जिरे हे सगळे फारसीकडून आलेले पाहुणे, हे महाराजांच्या दरबारातही ठाऊक होतंच. राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७४ च्या पुढेमागे, रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून 'राजव्यवहारकोश' करवून घेतला गेला. दरबारी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश, आणि त्यात एक अख्खा 'शस्त्रवर्ग' आहे. आपल्या आधी साडेतीनशे वर्षे कोणीतरी हेच काम करत बसलं होतं, याला काय म्हणतात, हे वाचून मला फार धीर आला. गंमत अशी की कारभारातले कित्येक शब्द त्यानंतर बदलले, पेशव्याचा पंतप्रधान झाला, पण गावोगावच्या तोंडी चिलखत ते चिलखतच राहिलं. शिरस्त्राण आणि कवच पुस्तकात गेले. माझं मत विचाराल तर चिलखत आता आपलंच आहे. साडेतीनशे वर्षे घरात राहिलेल्याला पाहुणा म्हणत नाहीत.

आता जरा सातारकडची गोष्ट. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. हा प्रसंग माहीत नाही असा मुलगा आपल्या जिल्ह्यात सापडणार नाही. पण महाराजांनी त्या दिवशी काय घातलं होतं? सभासद बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिली गेली. कृष्णाजी अनंत सभासदाने त्यात कपड्यांची नावं दिली आहेत: कुडती, मंदील, चोळणा. कुडती म्हणजे अंगातला आखूड कुडता. मंदील म्हणजे जरीचं डोईला बांधायचं वस्त्र. चोळणा म्हणजे गुडघ्यापर्यंतची तंग विजार. तीन शब्दांत माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. चोळणा घातलेला माणूस झटकन हालचाल करू शकतो, हेही त्यातून कळतं.

पुढे १८१८ मध्ये सातारला जेम्स ग्रँट डफ नावाचा ब्रिटिश अधिकारी आला. चार-पाच वर्षे इथे राहिला, कागदपत्रं जमवली, आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापला. त्यात हाच प्रसंग आहे. त्याच्या वर्णनात महाराजांनी टर्बनखाली पोलादी कड्यांची टोपी आणि सुती 'गाउन'खाली कड्यांचं चिलखत घातलेलं आहे. गाउन! मी हे वाचून पाच मिनिटं हसत होतो. आता त्या काळच्या इंग्रजीत पुरुषांच्या लांब, सैल अंगरख्याला गाउन म्हणत, हे खरं. पदवीदानाला आपणही गाउन घालणार आहोत, केटी निघाल्या तर. त्यामुळे ग्रँट डफला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने आपल्या वाचकांना समजेल तो शब्द वापरला. पण आज माझ्यासारखा मुलगा ते इंग्रजी वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय येतं? हाउसकोट. मंदील, पागोटं, फेटा सगळ्यांचं मिळून एक टर्बन होतं, आणि सगळ्या अंगरख्यांचा एक गाउन होतो. आपल्यातला निम्मा वर्ग इतिहास आता इंग्रजीतूनच वाचतो, त्यामुळे हे जरा मनाला लागलं.

याच ग्रँट डफच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलेली वाघनखं २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात उसनी म्हणून आली, आणि बघायला रांगा लागल्या. महाराजांनी वापरलेली ती हीच, याची खात्री करता येत नाही असं त्या लंडनच्या संग्रहालयाचं म्हणणं आहे, आणि त्यावर आपल्याकडे वादही पुष्कळ झाले. मला त्या वादात शिरायचं नाही. माझा मुद्दा क्रियापदाचा. वाघनखाच्या दोन्ही टोकांना अंगठ्या असतात, त्या बोटांत घालायच्या आणि नखं मुठीत लपतात. म्हणजे हे शस्त्र धरायचं की घालायचं? मराठीत आपण वाघनखं 'चढवतो'. चिलखतही चढवतो. इंग्रजीत 'वेअर' म्हणावं तर दागिना वाटतो, 'होल्ड' म्हणावं तर सुरा वाटतो.

हे क्रियापदाचं प्रकरण आबांमुळे माझ्या लक्षात आलं. आबा म्हणजे आमचे आजोबा, कोरेगावला असतात. मंदील म्हणजे काय ते विचारायला मी फोन केला आणि बोलता बोलता म्हणालो, 'आबा, तुम्ही फेटा घालता ना?' पलीकडून आवाज आला, 'आरं, घालत्यात ती पगडी. फेटा बांधत्यात. आन् मुंडासं? त्ये नुसतं गुंडाळायचं!' पुढच्या रविवारी मी घरीच गेलो. आबांनी ओसरीवर बसून फेटा बांधून दाखवला. एक टोक दातात धरलं, पीळ देत देत डोक्याभोवती फेऱ्या घेतल्या, शेवटचं टोक वर काढलं तो तुरा, पाठीवर सोडलं तो शेमला. सगळं मिळून दोन मिनिटं. आरसा नाही. मी प्रयत्न केला तेव्हा आजी म्हणाली, 'बँडेज बांधलंय जणू.'

आबांच्या बोलण्यातून जे कळलं ते असं. पगडी एकदा बांधून, शिवून पक्की केलेली असते, म्हणून ती टोपीसारखी घालता येते आणि काढून खुंटीला अडकवता येते. फेटा रोज नव्याने बांधायचा. रुमाल चौकोनी असतो, घडी घालून बांधतात. पागोट्याचं कापड अरुंद आणि लांबच लांब. मुंडासं म्हणजे रानात जाताना डोक्याला ऊन लागू नये म्हणून गुंडाळलेलं कुठलंही कापड, ते भाकरी बांधायलाही चालतं आणि घाम पुसायलाही. पटका की फेटा यावर आबा आणि शेजारचे तात्या यांच्यात अर्धा तास वाद झाला आणि निकाल लागला नाही. इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द, टर्बन. तोही त्यांचा नाहीच. तुर्की 'तुलबंद' युरोपभर फिरत फिरत टर्बन झाला. त्याच शब्दापासून ट्युलिप फुलाचं नाव पडलं, कारण फूल फेट्यासारखं दिसतं.

क्रियापदं तर बघाच. आपण सदरा घालतो, धोतर नेसतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो, शेला घेतो, कंबरपट्टा आवळतो, चिलखत चढवतो, ढाल पेलतो. प्रत्येक क्रियापद त्या कपड्याची घडण सांगतं. नेसणं फक्त न शिवलेल्या, गुंडाळून खोचायच्या वस्त्राचं. म्हणून पँट नेसली असं कोणी म्हणत नाही. इंग्रजी 'वेअर' या सगळ्यांना पुरून उरतं आणि काहीच सांगत नाही. अर्थात इंग्रजीलाही जुनी, नेमकी क्रियापदं आहेत. 'डॉन' म्हणजे 'डू ऑन', अंगावर चढवणे. 'डॉफ' म्हणजे 'डू ऑफ', उतरवणे. 'गर्ड' म्हणजे कमरेला आवळणे. हे तिन्ही शब्द लेबलांत फार उपयोगी पडले. चिलखतासाठी डॉन, तलवारीच्या पट्ट्यासाठी गर्ड, फेट्यासाठी टाय, धोतरासाठी ड्रेप. वेअर मी शक्यतो टाळला.

गाँटलेटची गोष्ट सांगायची राहिली. गाँटलेट म्हणजे लोखंडी हातमोजा. फ्रेंचमध्ये 'गाँ' म्हणजे हातमोजा, त्याचं लाडकं रूप म्हणजे गाँटलेट. युरोपातले सरदार आव्हान द्यायला तो जमिनीवर फेकायचे, म्हणून 'थ्रो डाउन द गाँटलेट' म्हणजे विडा ठेवणे. (आणि 'रन द गाँटलेट' मधला गाँटलेट वेगळाच. तो स्वीडिश भाषेतून आलेला शिक्षेचा प्रकार आहे, दोन रांगांमधून मार खात पळण्याचा. फ्रेशर्सना अर्थ सांगायची गरज नाही.) आता आपला दांडपट्टा आठवा. मनगटाच्या वरपर्यंत हात झाकणारा पोकळ लोखंडी खोबळा, आतल्या आडव्या दांडीला मूठ, आणि पुढे लांब सरळ पातं. हातमोजा आणि तलवार एकच! इंग्रजी कॅटलॉगमध्ये याला 'गाँटलेट सोर्ड' म्हणतात, आणि प्रामाणिकपणे सांगतो, हे नाव मला आवडलं. न पाहिलेल्या माणसालाही घडण कळते. मनगट खोबळ्यात अडकलेलं असल्यामुळे पट्टा फिरवताना सगळी हालचाल कोपर आणि खांद्यातून येते, हेही त्या नावावरून ओळखता येतं. २०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं.

जुन्या कपड्यांच्या नावांचा आपल्याला काय उपयोग, असं सिव्हिलवाले विचारतील. त्यांच्यासाठीच पुढचा परिच्छेद. ट्रसच्या सांध्यावर जी गसेट प्लेट बसवता, तो 'गसेट' चिलखतातला आहे. पत्र्याचं चिलखत घातलं की काखेत फट राहायची, कारण तिथे पत्रा वळत नाही. त्या फटीत कड्यांच्या जाळीचा तुकडा लावायचे, तो गसेट. तिथून तो शिंप्याकडे गेला, सदऱ्याच्या बगलेत लावायचा तुकडा झाला, आणि शेवटी तुमच्या ट्रसवर येऊन बसला. काम तेच, सांध्याला बळकटी. आमच्या मेकॅनिकलमध्ये तर कपड्यांचं दुकानच आहे. सिलिंडरला जॅकेट, पिस्टनला स्कर्ट, शाफ्टला कॉलर, बेअरिंगला स्लीव्ह, ब्रेकला शू, लेथला एप्रन, गाडीला बॉनेट. शाळेत आम्हाला 'मर्चंट ऑफ व्हेनिस' होतं. त्यात पोर्शिया एका इंग्रज उमेदवाराची थट्टा करते, की याने डब्लेट घेतला इटलीत, होज घेतला फ्रान्समध्ये आणि बॉनेट जर्मनीत. तेव्हा आम्ही अर्थ पाठ केले आणि मार्क मिळवले. डब्लेट म्हणजे दुहेरी कापडाची तंग बंडी, होज म्हणजे पायाला चिकटून बसणारी विजार, बॉनेट म्हणजे टोपी. बागेत पाणी घालायचा होज पाइप आणि गावातलं होजिअरीचं दुकान, दोन्ही त्याच विजारीचे वंशज, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

शब्दांची ये-जा दोन्हीकडून झाली आहे. 'जामा' म्हणजे फारसीत वस्त्र. पायाचं वस्त्र ते पायजमा, आणि तेच इंग्रजीत पजामाज होऊन बसलं. आपण 'सगळा जामानिमा करून निघाला' म्हणतो, त्यातला जामा हा लांब घेराचा अंगरखा आणि निमा हा आतला आखूड कपडा. दोन्ही कपडे गेले, जोडी राहिली. कमरबंदाचा कमरबंड झाला, पायाला गुंडाळायच्या पट्टीची पटी झाली, खाकेच्या रंगाची खाकी झाली. उलट बाजूने आलेला माझा आवडता शब्द म्हणजे जर्किन. थंडीत कोरेगाव स्टेशनवर पहाटेच्या गाडीला उभं राहा, दहातले आठ जण जर्किन घालून कुडकुडत असतात. इंग्रजीत जर्किन म्हणजे सोळाव्या शतकातली चामड्याची तंग बंडी, डब्लेटवर घालायची. तिकडे हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला. आपल्याकडे मात्र बाजारात ताडपत्रीखाली हँगरला लटकतोय, चेनसकट. आमच्या केरळच्या रूममेटने जर्किन हा शब्द आधी मराठीच समजला होता!

आणि आता 'बार्डिंग'. गेममध्ये घोडेस्वारांसाठी स्केल बार्डिंग, चेन बार्डिंग असं येतं. बार्डिंग म्हणजे घोड्याचं चिलखत. डोक्याला, मानेला, छातीला, पुठ्ठ्याला. मराठीत याला काय म्हणतात, हे मी मजल्यावर सगळ्यांना विचारलं. कोणी घोड्याचं कवच म्हणालं, कोणी झूल म्हणालं. झूल ही शोभेची, बैलपोळ्याला घालतात ती. खरा शब्द आहे पाखर. घोड्यावर किंवा हत्तीवर घालायचं चिलखत म्हणजे पाखर. आपण 'मायेची पाखर घातली' असं म्हणतो, निबंधात लिहितो, निरोप समारंभात सरांविषयी हमखास बोलतो. मला वाटायचं पाखर म्हणजे पक्ष्याचा पंख असावा, पाखराचा. ते लोखंड निघालं! बाण-भाले अंगावर येत असताना मुक्या जनावरावर घातलेलं संरक्षण. निरोप समारंभाला पुन्हा हे वाक्य ऐकाल तेव्हा समोरच्या सरांच्या हातात हत्तीचं चिलखत आहे असं डोळ्यांपुढे आणून बघा, हसू आवरणार नाही. पण शब्द तिथे अगदी नेमका बसतो.

शेवटी लेबलं कशी लिहिली ते सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मंडळींना उपयोग होईल. कड्यांच्या चिलखताखाली नुसतं 'मेल' लिहिलं, चेन खोडली. टोपाखाली जिरेटोप आणि 'मेल अँड प्लेट हेल्मेट'. दांडपट्ट्याला मराठी नाव आणि गाँटलेट सोर्ड, दोन्ही. अंगरख्याखाली गाउन लिहायला मात्र मी ठाम नकार दिला. अंगरखा तसाच ठेवला आणि खाली ओळ टाकली, की अंग राखतो तो अंगरखा, बंदांनी बांधायचा, बटणं नाहीत. मंदील, पगडी, फेटा, मुंडासं चारही नावं रोमन लिपीत जशीच्या तशी, आणि प्रत्येकापुढे घालायचं की बांधायचं की गुंडाळायचं ते इंग्रजी क्रियापद. बिहारच्या एका मित्राने मुंडासं वाचलं आणि म्हणाला, हे तर आमच्याकडचं मुरेठा! त्याने ते लगेच बांधूनही दाखवलं, आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा बरं बांधलं.

ज्यांना स्वतः शब्द धुंडाळायचे आहेत त्यांनी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडावा. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, आणि आता तो इंटरनेटवर फुकट शोधता येतो. जिरे शोधायला जाल आणि जिलबीपर्यंत वाचत बसाल, तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्री उघडू नये.

घोड्याचं सामान या लेखात आलंच नाही. खोगीर, तंग, लगाम, रिकीब... रिकिबीला इंग्रजीत 'स्टिरप' म्हणतात आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होतो चढायची दोरी, म्हणजे लोखंडी होण्याआधी ती दोरीची होती की काय, हे शब्दच सुचवतो. संपादकांनी पुढच्या अंकात जागा दिली तर तिथून सुरू करू.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी (मु. पो. कोरेगाव, जि. सातारा)